स्वतःचे पान

मनात विचार आला की तो दुसऱ्यास सांगावा, ही मनुष्याची जुनीच ओढ आहे. शिलालेख, ताम्रपट, पोथी आणि छापील पुस्तक ही सारी तिचीच अपत्ये होत. संगणकाच्या युगात त्यांत संकेतस्थळाची भर पडली. संगणकाची भाषा जाणणारे कित्येक जण आपले लहानसे संकेतस्थळ स्वतःच्या हाताने रचतात. काहींना हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. वस्तुतः ते स्वावलंबनाचेच एक रूप आहे.

या साधनाचा इतिहास औदार्याचा आहे. जिनिव्हा शहराजवळ सर्न ही विज्ञानसंस्था आहे. तेथे अनेक देशांचे शास्त्रज्ञ काम करीत. परंतु त्यांचे संगणक निरनिराळ्या प्रकारचे असल्यामुळे एकाची माहिती दुसऱ्यास सहजासहजी मिळत नसे. यावर टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ साली उपाय सुचविला. माहितीची पाने दुव्यांनी एकमेकांस जोडावी, म्हणजे वाचकाला एका पानावरून दुसऱ्यावर जाता येईल, असा तो उपाय होता. त्यातूनच 'वर्ल्ड वाइड वेब' जन्मास आले. पहिले संकेतस्थळ त्याच्याच संगणकावर चाले. तो कोणी चुकून बंद करू नये, म्हणून त्याने त्यावर तांबड्या शाईने लिहिलेली सूचना चिकटवली होती! पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांस विनामूल्य खुले केले.

पान रचण्याची रीतही सोपी आहे. शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, दुवा कोणता, हे सांगणाऱ्या खुणा मजकुराभोवती घालावयाच्या. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात. ब्राउझर त्या वाचतो आणि पान मांडून दाखवितो. आवडलेल्या पानामागील खुणा संगणकावर उघडून पाहताही येतात. गवंड्याच्या हाताखालचा मुलगा जसा पाहून पाहून शिकतो, तसे असंख्य लोक ही विद्या शिकले.

"मोठ्या कंपन्या आयती जागा देत असता एवढे कष्ट कशाला?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण आयत्या जागेचे धनी आपण नसतो. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एका सेवेने लोकांना पानांसाठी फुकट जागा दिली. पुढे ती जिओसिटीज या नावाने प्रसिद्ध झाली. आवडीनिवडींप्रमाणे तिच्यात वस्त्या वसल्या. १९९९ साली ती याहू कंपनीने विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात, आगाऊ सूचना देऊन, अमेरिकेतील सेवा बंद केली. स्वयंसेवकांनी धावपळ करून बराच भाग जतन केला, तरी पुष्कळ पाने कायमची नाहीशी झाली. ज्यांनी आपल्या लेखनाची प्रत जवळ ठेवली होती, त्यांना ते दुसरीकडे मांडता आले. इतरांचे श्रम मात्र वाया गेले.

स्वतःच्या संकेतस्थळाचीही निगा राखावी लागते. त्याच्या पत्त्याचे शुल्क ठरल्या वेळी भरावे लागते. जगातील पहिल्या संकेतस्थळाचे पानसुद्धा सर्नला २०१३ साली एका जुन्या प्रतीवरून मूळ पत्त्यावर पुन्हा मांडावे लागले. शेत स्वतःचे असले तरी नांगरणी चुकत नाही. परंतु त्यात काय पेरावे, हे ठरविण्याचा अधिकार आपला असतो, हे काय थोडे आहे?

म्हणून संगणक शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एखादे तरी पान स्वतः रचावे. परसातील पक्ष्यांची नोंद असो, गावातील जुन्या विहिरींची माहिती असो, वा वाचलेल्या पुस्तकाविषयी चार ओळी असोत. घरचा पत्ता, दूरध्वनी यांसारखी खाजगी माहिती त्यात देऊ नये. वडीलधाऱ्यांना विचारूनच ते जगापुढे ठेवावे. आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ जपावी. पान लहान असले तरी चालेल, मात्र त्यातील अक्षर न् अक्षर स्वतःच्या श्रमाचे असावे.