‘प्रतोदा’चा धडा

एखाद्या तालुक्याच्या गावी राहणारा शिक्षक, साखर कारखान्यातला कामगार किंवा पाण्याच्या चळवळीतला कार्यकर्ता जेव्हा स्वतःचे मत स्वतःच्या हिमतीवर छापून लोकांपुढे ठेवू पाहतो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो मताच्या खरेखोटेपणाचा नसतो. ‘हे कायद्यात बसते का?’ असे त्याला विचारण्यात येते. विचारणारे बहुधा हितचिंतकच असतात. आणि उत्तर ठाऊक नसल्यामुळे लिहिणारा लेखणी खाली ठेवतो. सत्तेला खटला भरण्याची तसदीसुद्धा घ्यावी लागत नाही. अज्ञानातून उपजलेली ही भीती कोणत्याही सेन्सॉरपेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक असते. म्हणून या प्रश्नाचा विचार भीतीच्या नव्हे, तर ज्ञानाच्या अंगाने होणे अगत्याचे आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना तर हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९७ साली इस्लामपुरातून ‘प्रतोद’ नावाचे वृत्तपत्र निघत असे. वाळवे तालुक्याचे हे ठाणे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते; १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. या पत्राने कॅनडातील लोकांचे उदाहरण देऊन स्वतंत्र होण्याच्या तयारीविषयी एक लेख छापला. लेख छोट्या पत्रातला, वाचक मूठभर. पण साताऱ्याच्या सेशन्स कोर्टाने संपादकाला राजद्रोहाबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. अपिलात मुंबई हायकोर्टाच्या फॅरन, पार्सन्स आणि रानडे या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने गुन्हा कायम ठेवला, मात्र शिक्षा एका वर्षावर आणली. वाईच्या ‘मोदवृत्ता’वरही त्याच वर्षी खटला झाला, आणि पुण्यात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली ती याच सुमारास.

‘प्रतोदा’चा खटला कायद्याच्या ग्रंथांतून आजही उद्धृत होतो, याचे कारण एका शब्दाच्या अर्थावर तेथे खल झाला. टिळकांच्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी सरकारविषयीची ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा विलक्षण अर्थ लावला होता. सरकारवर प्रेम न करणारा प्रत्येक माणूस त्या अर्थाने गुन्हेगार ठरला असता. ‘प्रतोदा’च्या अपिलात हा अर्थ जसाच्या तसा मान्य झाला नाही, केवळ प्रेम नसणे पुरेसे नाही, राजसत्तेविषयी प्रत्यक्ष वैरभाव हवा, अशी भूमिका पुढे आली. राज्यकर्त्यांनी यावर काय केले? १८९८ मध्ये कलमच दुरुस्त करून त्यात द्वेष आणि तुच्छता हे शब्द घातले. न्यायालयाने शब्दाला आवर घातला की सत्ता नवा शब्द शोधते, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या सुपुत्राचा आहे. गोपाळ गणेश आगरकर आणि टिळक यांना १८८२ साली कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या अब्रूनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविरुद्ध त्यांनी आवाज उठवला होता, हेतूच्या शुद्धतेविषयी कोणालाही शंका नव्हती. परंतु ज्या पत्रांवर आरोपांची इमारत उभी होती ती पत्रे बनावट निघाली. हेतू शुद्ध असला तरी पुरावा कच्चा असेल तर तो लिहिणाऱ्याला आणि ज्याच्यासाठी लिहायचे त्यालाही दगा देतो. आगरकर या अनुभवाने लेखनापासून परावृत्त झाले नाहीत. मतभेदामुळे ‘केसरी’ सोडल्यावर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला आणि स्वतःची मते कोणाचीही भीड न धरता मांडली.

स्वराज्य आले, संविधानाने १९(१)(अ) अन्वये भाषण-लेखनाचे स्वातंत्र्य दिले, आणि तरीही राजद्रोहाचे कलम शाबूत राहिले. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरवताना एक मर्यादा घातली: सरकारवरील टीका कितीही तिखट असली तरी गुन्हा नव्हे, हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने या कलमाचा अंमल स्थगित केला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. परंतु सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. १८९८ साली शब्द वाढले, २०२४ साली शब्द बदलले.

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. सार्वजनिक घडामोडींविषयी बातम्या वा मते देणारे पत्र ठरावीक काळाने काढायचे तर त्याची नोंदणी आवश्यक असते. १८६७ च्या कायद्यानुसार त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापन करावे लागे. साताऱ्याच्या वा सांगलीच्या कचेरीत त्यासाठी किती हेलपाटे पडत, हे जुन्या संपादकांना विचारावे. २०२३ च्या नव्या कायद्याने, जो १ मार्च २०२४ पासून अमलात आला, हे प्रतिज्ञापन काढून टाकले. नोंदणी आता थेट दिल्लीच्या प्रेस रजिस्ट्रारकडे होते. हेलपाटे वाचले ही सोय खरीच. परंतु दहशतवादी वा बेकायदा कृत्याबद्दल, किंवा राज्याच्या सुरक्षिततेविरुद्ध काही केल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली आहे त्याला नियतकालिक काढता येणार नाही, अशीही तरतूद त्यात आहे. सत्याग्रही आणि दहशतवादी यांतील भेद पुसण्याची हौस ज्या काळात वाढली आहे, त्या काळात ही तरतूद डोळ्यांत तेल घालून पाहण्यासारखी आहे. निवडणुकीच्या पत्रकाचा नियम तर प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवा: १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता नसलेले पत्रक छापणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खरा काच आहे तो अब्रूनुकसानीचा. न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड वा समाजसेवा अशी शिक्षा आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्याची घटनात्मकता मान्य केली. मात्र याच कलमाला जे अपवाद जोडलेले आहेत ते फार थोड्यांनी वाचलेले असतात. लोकहितासाठी सांगितलेले सत्य हा गुन्हा नाही. लोकसेवकाच्या सार्वजनिक वर्तनाविषयी, किंवा सार्वजनिक प्रश्नावर कोणाच्याही वागणुकीविषयी सद्भावनेने दिलेले मत हा गुन्हा नाही. फक्त ‘सद्भावना’ या शब्दाला कायद्याने योग्य काळजी आणि सावधपणाची अट घातली आहे, आणि अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला आहे.

याचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. ‘अमुक कारखान्याचा चेअरमन चोर आहे’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवील, कोर्टात मात्र लिहिणाऱ्याला एकटे पाडील. ‘कारखान्याच्या वार्षिक अहवालात वाहतुकीचा खर्च इतका दाखवला आहे, लेखापरीक्षकाने त्यावर हा शेरा मारला आहे, सभासदांच्या प्रश्नाला सर्वसाधारण सभेत उत्तर मिळाले नाही, आणि म्हणून हा कारभार सभासदांच्या हिताविरुद्ध आहे’ असे लिहिणारा वस्तुस्थिती आणि मत यांची फारकत करतो, आणि कायद्याच्या अपवादात उभा राहतो. ऊसदर, सहकारी बँकांची कर्जे, दुष्काळी तालुक्यांच्या पाणीयोजना, धरणग्रस्तांच्या जमिनी या सर्वांची कागदपत्रे माहितीच्या अधिकाराने २००५ पासून मागता येतात. दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा मवाळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी दोन्हींपैकी कोणत्या वाक्याने चेअरमनची झोप उडते याचा विचार करावा.

सत्ताधाऱ्यांच्या बाबतीत न्यायालयाने आणखी एक दार उघडे ठेवले आहे. १९९४ च्या राजगोपाल निकालानुसार सरकार वा स्थानिक स्वराज्य संस्था बदनामीबद्दल नुकसानभरपाई मागू शकत नाही, आणि अधिकाऱ्यालाही त्याच्या सरकारी कामाविषयीच्या लिखाणाबद्दल ती सहजी मागता येत नाही. सत्याची पर्वा न करता लिहिले, हे त्याला दाखवावे लागते. जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या नावाने येणाऱ्या धमकीच्या नोटिसांना उत्तर देताना हा निकाल हाताशी ठेवावा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे खाजगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याने आरोपीचे म्हणणे ऐकले पाहिजे. ती संधी दवडू नये.

एवढे असूनही छोट्या पत्राला खरी शिक्षा होते ती निकालाने नव्हे, तर खटल्याच्या लांबीने. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या बुलेटिनमध्ये छापली गेली. अश्लीलतेचा खटला झाला. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला तो मे २०१५ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी. माफी मागितलेल्या प्रकाशकाची सुटका झाली, आणि कवीला खटल्याला तोंड देण्यास सांगण्यात आले. बड्या वृत्तपत्राला वकिलांची फौज परवडते. कामगार संघटनेच्या बुलेटिनला प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. कायद्यापुढे सर्व समान असतात हे खरे. पण तारखांपुढे सर्व समान नसतात.

मग न्यायालयांवर विसंबू नये काय? इतिहास तसे सांगत नाही. आणीबाणीत, फेब्रुवारी १९७६ मध्ये, मिनू मसानी यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’साठी लढवलेल्या खटल्यात मुंबई हायकोर्टाच्या न्या. मदन आणि न्या. कानिया यांनी सेन्सॉरचे हुकूम रद्द केले. ‘फ्रीडम फर्स्ट’ हे मोठ्या खपाचे दैनिक नव्हते, आणि मसानींची आर्थिक मते समाजवाद्यांना मान्य होण्यासारखी नव्हती. तरी त्या निकालाचा लाभ सर्वांचा होता. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना मुंबई बंदविषयीच्या चार ओळींसाठी अटक झाली; ज्या ६६अ कलमाचा त्यात आधार घेतला गेला ते २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. सरकारविषयीचा मजकूर खोटा की खरा हे सरकारनेच ठरवावे, अशी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवली. यांतील प्रत्येक विजय कोणीतरी एकट्याने उभे राहण्याचे धैर्य दाखवल्यामुळे मिळाला आहे.

आणि लढाई संपलेली नाही. जुलै २०२५ मध्ये राज्य विधिमंडळाने संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकाने ‘बेकायदा कृत्या’त लिहिलेल्या आणि बोललेल्या शब्दाचा समावेश केला, आणि प्रस्थापित कायद्याची अवज्ञा शिकवणेही त्यात घातले. सविनय कायदेभंगाची शिकवण ज्या जिल्ह्यांच्या रक्तात आहे, त्यांनी या शब्दरचनेचा अर्थ दुसऱ्या कोणाकडून समजून घेण्याची गरज नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात पत्रके निनावी निघत. मग आज नावाचा, नोंदणीचा आग्रह कशाला? परकी राजवटीविरुद्धच्या भूमिगत लढ्यात निनावी पत्रक हे शस्त्र होते, कारण उघड लढण्याचा मार्गच बंद होता. आज तो मार्ग अरुंद झाला आहे, बंद झालेला नाही. उघड मार्ग असताना जो निनावी आरोप करतो तो त्या परंपरेचा वारस ठरत नाही; तो विरोधकाच्या हाती कोलीत देतो, आणि शिवाय निनावी अफवांच्या आजच्या पुरात आपलीही एक घागर ओततो. नावानिशी मांडलेले मतच लोक जपतात आणि वेळ आली तर त्याच्या मागे उभे राहतात.

यातून कार्यकर्त्यांची आणि पक्षाची कर्तव्ये वेगवेगळी निघतात. कार्यकर्त्याने लिहिताना वस्तुस्थिती आणि मत वेगळे ठेवावे, प्रत्येक आकड्याचा कागद जपून ठेवावा, ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे विचारावे आणि ते छापावे, चूक झाली तर दुरुस्ती तितक्याच ठळकपणे द्यावी, आणि जात-धर्माच्या द्वेषाला शब्दाचाही आधार देऊ नये. पक्षाने सातारा, कऱ्हाड, इस्लामपूर, सांगली आणि मिरज येथील सहानुभूतीदार वकिलांचे मंडळ उभारून, छापण्यापूर्वी सल्ला आणि छापल्यानंतर बचाव या दोन्हींची व्यवस्था करावी. अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हा न राहता दिवाणी बाब व्हावी, आणि कलम १५२ रद्द व्हावे, ही मागणी प्रत्येक व्यासपीठावरून झाली पाहिजे. परंतु ती मान्य होईपर्यंत ज्यांना लिहायचे आहे त्यांना वाऱ्यावर सोडता येणार नाही.

कायद्याचे ज्ञान हे गप्प बसण्याचे निमित्त नव्हे. कायदा न जाणणारा एकतर उगाच घाबरतो किंवा उगाच अडकतो; जाणणारा कोठे पाय रोवायचा ते ओळखतो, आणि जेव्हा जाणूनबुजून तो मोडतो तेव्हा त्या मोडण्याला सत्याग्रहाचे मोल येते. ‘प्रतोद’ म्हणजे चाबूक. तो एका छोट्या गावातून उगारला गेला तेव्हा साम्राज्याला जन्मठेपेची शिक्षा आठवली. छोट्या गावातल्या छोट्या पत्राची ताकद किती असते, याची याहून मोठी पावती हवी कशाला?