कोळ्याचे धड
गजमुख मोरयाच्या चिंचवडात, मुलांच्या खेळातला अर्धा मनुष्य व अर्धा कोळी (जाळे विणणारा, टाकणारा नव्हे!) असा राक्षस पाहून सुशिक्षित पालकांनी नाक मुरडावे, हे आम्हांस अजब वाटते. नरसिंह पूजणाऱ्यांना मिश्ररूपाचा विटाळ कसला? १९७४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधील हा ‘ड्रायडर’ बहुतेक आवृत्त्यांत जन्माचा राक्षस नव्हेच. तो लोल्थ देवीच्या परीक्षेत नापास झालेला तिचाच भक्त. शिक्षा म्हणून कमरेखाली कोळ्याचे धड, आणि स्वजनांतून हकालपट्टी! आमचा आक्षेप आहे तो ह्या न्यायावर. श्रीकालहस्तीच्या कथेत कोळी शिवभक्तीने मुक्त होतो. येथे तेच शरीर कलंक ठरते. मात्र दहावीच्या गुणांवरून ज्या घरांत मुलाशी अबोला धरला जातो, त्यांनी लोल्थला बोल लावण्याची घाई करू नये.