पहिली खोली कुठं बांधायची?

जमीनजुमला / खातेदार

राजूरला पेढे बांधून घेत होतो. ओळखीतला बाविशीचा पोरगा भेटला. महादेव कोळी समाजातला, नुकताच नोकरीला लागलेला. म्हणाला, "काका, नाशिकला फ्लॅट घेऊन भाड्यानं देतो. हप्ता भाड्यातनंच फिटंल ना?"

पेढ्याच्या पुड्यावरच हिशेब मांडला. समजा फ्लॅट तीस लाखांचा. साठवलेले आणि घरून मिळणारे सहा लाख भरले, चोवीस लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता बसतो सुमारे २०,८०० रुपये. भाडं नऊ हजार धरलं, तर महिन्याला बारा हजार पगारातून जाणार. मेंटेनन्स, घरपट्टी आणि भाडेकरू नसलेले महिने वेगळेच. भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पण तिनं हप्ता फिटत नाही.

"गावात काय आहे?" मी विचारलं.

"भंडारदऱ्याच्या रस्त्याला आज्याची अर्धा एकर. पुण्याचा एक जण ९९ वर्षांच्या करारानं मागतोय, टेंट टाकायला. नोटरी करू म्हणतो."

इथं मात्र मी पुडा बाजूला ठेवला. जमीन महसूल संहितेत १९७४ च्या दुरुस्तीनं कलम ३६-अ आलं. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकणं तर सोडाच, भाडेपट्ट्यानं द्यायलाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, तीही जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. त्यापुढं शासनाची मान्यता हवी. नोटरीचा शिक्का ही मंजुरी देऊ शकत नाही.

या कायद्यानं हात बांधले, अशी तक्रार तरुण करतात. ती अगदीच खोटी नाही. कर्ज थकलं तर जमीन विकायची कुणाला, म्हणून बँका बिचकतात. पण काजव्यांच्या दिवसांत त्या रस्त्याला पर्यटकांची रांग लागते, तेव्हा ती जमीन अजून याच्या घरात आहे, तीही याच कायद्यामुळं.

म्हणून माझं मत सरळ आहे. ते सहा लाख नाशिकला नेऊ नयेत. राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, शाळा-कॉलेज आहे. बदलून आलेल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना खोली लागते. अकृषिक परवानगीचं बघून आज्याच्याच जमिनीत दोन साध्या खोल्या बांधाव्यात. संडास, वीजमीटर वेगळं, उन्हाळ्यात पुरेल एवढी पाण्याची टाकी. दोन्हींचे मिळून महिन्याला चार हजार जरी आले, तरी सहा लाखांवर वर्षाला आठ टक्के. फ्लॅटचं भाडं किमतीच्या चार टक्केही भरत नाही. शहरासारखा भाव इथं चढणार नाही, हे खरं. पण डोक्यावर कर्जही नाही.

पोरानं पुडा उलटसुलट पाहिला. "सातबाऱ्यावर दोन आत्यांची नावं आहेत. त्यांना इचारावं लागंल?"

"आधी तेच," म्हटलं, "पेढे घेऊन जा."