रिक्षाच्या हुडाची धुरकट काच

राजापूर तालुक्यातल्या नाटे गावाहून एका भगिनीनं विचारलंय, ‘यजमानांच्या रिक्षाच्या हुडाला मागं प्लॅस्टिकची काच आहे. ती इतकी धुरकट झालीय, की मागून येणारी एस.टी.सुद्धा दिसत नाही. काय करावं?’

अहो, तुमचं गाव यशवंतगडाजवळ, जैतापूर खाडीच्या तोंडाशी. खारा वारा आणि ऊन त्या काचेला सोडतील कसे? पण घाबरू नका.

काच कोरडी मुळीच पुसू नका. धुळीतल्या वाळूनं चरे पडतात. आधी भरपूर गोडं पाणी ओता. मग साबणाचं कोमट पाणी घेऊन जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं आतून-बाहेरून हलक्या हातानं पुसा. वाळल्यावर थोडी पांढरी टूथपेस्ट एका कोपऱ्यात घासून बघा. घासताना दुसरा हात आतून टेकू म्हणून धरा. कोपरा उजळला, तर सगळीकडे फिरवा नि लगेच धुऊन टाका. राख, रांगोळी, काथ्या नको. रॉकेल, पेट्रोल, थिनर तर नकोच नको. त्यानं प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं. पुढे आठवड्याला एकदा धुवा, रिक्षा सावलीत लावा.

एवढं करूनही काच पिवळीच राहिली, तर उन्हानं ती आतूनच खराब झालीय असं समजा. मग घासत बसू नका. हुड शिवणाऱ्याकडून तेवढाच तुकडा नवा बसवून घ्या. चार पैसे जरूर वाचवावेत, पण इथं नव्हे. त्या रिक्षात पोरंबाळं बसतात!