पत्त्याचे मोल

नवा पत्ता रचणारा मुलगा प्रथम अक्राळविक्राळ राक्षस रंगवतो. खरी कसोटी पुढेच असते : तो पत्ता खेळण्याचे मोल किती ठेवावे? अमेरिकी गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांच्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या १९९३ सालच्या खेळात जादूसाठी मायाशक्ती खर्चावी लागते, जीवनगुण संपले की खेळाडू हरतो. त्यातील दोन पत्त्यांचे मोल एकच होते. एकाने तीन जीवनगुण लाभत, दुसऱ्याने तीन नवे पत्ते. कागदावर दोन्हीकडे तीनच! परंतु दुसरा इतका वरचढ ठरला की, स्पर्धांत तो जेथे चालतो तेथेही संचात एकच ठेवता येतो. हे व्हायचेच होते. वाढलेले गुण पराभव थोडा लांबवतात. नवा पत्ता नवी चाल देतो. तेव्हा राक्षसाला रंग मागाहून द्यावेत. आधी कोऱ्या पुठ्ठ्यावर आकडे लिहून दहावीस डाव खेळून पाहावेत.