कष्टाळू व कुटुंबवत्सल

कोकणातील वृत्तपत्रांतून येणाऱ्या निधनवार्तांत एक वाक्य वर्षानुवर्षे ठरलेले आहे : 'ते कष्टाळू व कुटुंबवत्सल म्हणून परिचित होते.' मजकूर घेऊन आलेल्या पुतण्याला अधिक काही सुचत नाही, पत्राकडे अधिक जागा नसते, आणि वाक्य तयारच असते. गेल्या महिन्यात संगमेश्वर तालुक्यातील ९३ वर्षांच्या एका गृहस्थांची वार्ता याच वाक्याने छापून आली. 'निवृत्त गिरणी कामगार' असाही उल्लेख तीत होता. तो मात्र खरा नव्हे. हे गृहस्थ निवृत्त कधी झालेच नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर ते संपावर गेले, आणि गिरणीने त्यांना पुन्हा आत घेतले नाही. त्यांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. गाळ्यातील सोबती त्यांना 'बुवा' म्हणत, कारण तेथील भजनाचे पुढारपण त्यांच्याकडे असे. संपाच्या दिवसांत कामगारांसाठी धान्य गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांत प्रस्तुत लेखक होता. तेव्हा झालेली ओळख पुढे चाळीस वर्षांवर टिकली.

'कष्टाळू' या पहिल्या विशेषणाविषयी वाद संभवत नाही. १९५० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते जयगडहून बोटीने मुंबईस आले. आरंभीची काही वर्षे बदली कामगार म्हणून गेली. रोज सकाळी गिरणीच्या दरवाजावर उभे राहावयाचे, कोणी गैरहजर असेल तर आत जावयाचे, नसेल तर परत फिरावयाचे. पुढे साचेखान्यात कायम झाले. आधी दोन साचे सांभाळीत, नंतर चार. त्या आवाजाने चाळिशीतच त्यांना ऐकू कमी येऊ लागले, आणि उतारवयात ते सर्वांशी मोठ्याने बोलत त्याचे कारण स्वभाव नसून साचेखाना हे होते. राहावयास गावकऱ्यांचा गाळा : एका खोलीत पंचवीस-तीस माणसे, प्रत्येकाची एक ट्रंक, आणि पाळीप्रमाणे झोपावयाची जागा. जेवण एका बाईंच्या खानावळीत. (गिरणगावातील अशाच खानावळवाल्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. ते काम चळवळीच्या इतिहासात आणखी ठळकपणे यावयास हवे.)

प्रश्न आहे तो दुसऱ्या विशेषणाचा. बुवांचे लग्न १९५५ साली झाले. संपापर्यंतच्या सत्तावीस वर्षांत ते दरवर्षी महिनाभर रजेवर गावी जात. कधी गणपतीस, कधी शिमग्यास. म्हणजे पतिपत्नी एका छपराखाली राहिली ती एकंदर सव्वादोन वर्षे. धाकटी मुलगी तीन वर्षांची असताना ते घरी आले, तर ती अनोळखी माणूस पाहून आईच्या पदराआड दडली. ही गोष्ट ते हसत सांगत, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसत. ज्या मनुष्यास कुटुंबात राहावयासच मिळाले नाही, त्यास आपण कुटुंबवत्सल म्हणतो! शब्द चुकीचा नाही. बुवांना विडीखेरीज व्यसन नव्हते. पगार झाला की आधी खानावळीचे पैसे, मग गाळ्याचे भाडे, आणि उरलेल्यातील बहुतेक मनिऑर्डरीने गावी. मुलांची पुस्तके ते मुंबईतून जुनी विकत घेत आणि गाळ्यात बसून त्यांना कव्हरे घालीत. माया होती. तथापि त्या मायेस दूर राहूनच वागावे लागले, आणि तसे का वागावे लागले याचे उत्तर स्वभावचित्रात सापडत नाही, मजुरीच्या हिशेबात सापडते.

जुलै १९५७ मधील पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजांवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र ठरवले. एका कमावत्यामागे तीन उपभोग-एकके धरावीत : पुरुष १, स्त्री ०.८, दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रौढास रोज २,७०० उष्मांक, कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड. शिवाय घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्ती इत्यादींसाठी वेतनाचा पाचवा हिस्सा. त्या काळाच्या मानाने हे सूत्र पुरोगामी होते यात शंका नाही. परंतु ती शिफारस होती, आणि तिच्यातही वृद्ध आईवडिलांना स्थान नव्हते. शिक्षण, औषधोपचार, लग्नकार्य व म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९१ साली. बुवांच्या घरी तेव्हा खाणारी माणसे सात होती : आईवडील, पत्नी, तीन मुले व ते स्वतः. कागदावरील कुटुंब आणि चुलीभोवतीचे कुटुंब यांत जे अंतर होते, ते कोणीतरी भरून काढतच होते. २०१९ साली केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीने तिनाऐवजी ३.६ एकके धरण्याची शिफारस केली. म्हणजे इतक्या वर्षांनंतर आपले हिशेबी कुटुंब अर्ध्या माणसाहून थोडेसे अधिक वाढले.

गिरणीचा पगार त्या काळी इतर पुष्कळ धंद्यांहून बरा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण तो बरा वाटे याचे कारण त्यात मुंबईत बिऱ्हाड करण्याचा खर्च धरलेलाच नव्हता. कामगार म्हणून एकटा पुरुष शहरात यावा, त्याचे बालपण, आजारपण व वार्धक्य मात्र गावाने पोसावे, ही व्यवस्था मालकांच्या फार सोयीची होती. गाव म्हणजे तरी कोण? बुवांच्या बाबतीत गाव म्हणजे त्यांची पत्नी. सासूसासऱ्यांचे करणे, तीन मुले, एक म्हैस, थोडी भातखाचरे आणि वरकस जमिनीतली नाचणी हे सारे त्या बाईंनी एकटीने ओढले. नांगरणीस शेजाऱ्याचे बैल येत, आणि त्याच्या मोबदल्यात त्या शेजाऱ्याच्या शेतात लावणीस जात. या श्रमांची नोंद गिरणीच्या हजेरीपटात नव्हती, सरकारच्या राष्ट्रीय उत्पन्नात नव्हती आणि, स्पष्ट बोलावयाचे तर, आमच्या अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतही नव्हती.

बुवांच्या ट्रंकेत मनिऑर्डरींच्या पोचपावत्या वर्षवार बांधून ठेवलेल्या निघाल्या. पैसे पोचले की घेणाऱ्याची सही वा अंगठा होऊन पावती पाठवणाऱ्याकडे परत येई. १९६७ पर्यंतच्या पावत्यांवर अंगठा आहे. त्यानंतर वाकडीतिकडी सही सुरू होते. थोरली मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर आईने तिच्या पाटीवर अक्षरे गिरवली, एवढाच त्याचा खुलासा. ते वर्ष बुवांना पक्के स्मरत असे, आणि संपाच्या तारखेइतक्याच अभिमानाने ते सांगत.

संपाविषयीही एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. इतका प्रदीर्घ संप कशाच्या बळावर टिकला, याची चर्चा आपण नेत्यांच्या जिद्दीपासून सुरू करतो. निधी अपुरा होता. विद्यार्थ्यांनी गोळा केलेले धान्य किती पुरणार? हजारो कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेले, आणि तेथील भाताने व भाकरीने त्यांना महिनोन्महिने जगवले. बुवांच्या पत्नीने पंचवीस-तीस वर्षे गिरणीमालकाची मजुरी स्वस्त केली होती. आता तिनेच मालकाविरुद्धचा संप पोसला. दोन्ही वेळा तिला कोणी विचारले नव्हते. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, तो विरत गेला. बुवांनी उपनगरात एका इमारतीवर रात्रीचा पहारा केला. तेथे ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा. १९९६ साली ते कायमचे गावी परतले, आणि पतिपत्नींचा एकत्र संसार तेव्हा, लग्नानंतर एकेचाळीस वर्षांनी, खऱ्या अर्थाने सुरू झाला. तो जवळजवळ तीस वर्षे चालला. दीर्घायुष्याचे हे एक दान त्यांना मिळाले, जे त्यांच्या पुष्कळ सोबत्यांना मिळाले नाही.

निवृत्तिवेतन त्यांना नव्हते. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली निवृत्तिवेतन योजना १९९५ सालची. ज्याचा गिरणीशी संबंध १९८२ सालीच तुटला त्यास ती काय उपयोगाची? राहिला होता एकच हक्क, घराचा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची तीन हिश्शांत वाटणी सांगितली. २००१ साली ती केवळ मोकळ्या जमिनीपुरती करण्यात आली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असलेले कामगार घरासाठी पात्र ठरले. दीड लाखाहून अधिक अर्ज आले. २०१२ सालच्या सोडतीत घरे होती सात हजारांहूनही कमी. पुढे शेलू आणि वांगणी येथील घरांचा प्रस्ताव आला, तेव्हा बुवा म्हणाले, "मी परळला राबलो. वांगणीत माझं कोण आहे?" त्यावर त्यांना उत्तर देणे आम्हांस सुचले नाही.

तालुक्यातालुक्यांत असे अर्जदार वारत आहेत, आणि त्यांच्या ट्रंका रद्दीबरोबर जात आहेत. शोकसभा घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्याच भेटीत घरातील कागद पाहावेत, आणि घरच्या बाईंनी काय काय केले ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. बुवांच्या मुलास आता वारस म्हणून अर्ज पुढे चालवावयाचा आहे. गिरणीचे तिकीट आणि कामगार विम्याचे कार्ड पावत्यांच्या गठ्ठ्याखाली मिळाले आहे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीकडून यावयाचा आहे.