सरकारी मातृत्व लाभावर पहिला हक्क कुणाचा? घोडबंदर रोडवरील नोकरदार मातांचे निवेदन

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
(मा. जिल्हाधिकारी, ठाणे यांच्यामार्फत)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी : मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका, मा. कामगार उपआयुक्त, ठाणे

विषय : प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतील रक्कम पगारी रजा नसलेल्या मातांपर्यंत विनाअडथळा पोहोचवणे, तसेच घोडबंदर रोड परिसरात पाळणाघरे व प्रसूतीची सोय उभारणे याबाबत.

मा. महोदया,

माजिवड्यापासून गायमुखपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांत राहणाऱ्या आम्ही नोकरदार स्त्रिया आहोत. आमच्यातल्या कुणी बँकेत आहेत, कुणी ऐरोली-पवईच्या आयटी कंपन्यांत, कुणी शाळा-महाविद्यालयांत. आमच्यापैकी बहुतेकींच्या घरचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांच्या वर असल्याने मातृवंदना योजनेत आम्ही बसत नाही. आमच्याच संकुलांतून अलीकडे असा सूर निघतो, की आयकर आपण भरतो, मग बाळंतपणाच्या काळात सरकारने आपल्यालाही काही द्यावे, ही 8 लाखांची अट काढून टाकावी. आम्ही यावर आपसांत बरीच चर्चा केली. ही मागणी आम्हाला मान्य नाही, हे सर्वप्रथम नोंदवतो.

शासनाने आम्हाला काही दिलेले नाही, असे म्हणणे खरे ठरणार नाही. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. ही तरतूद आता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. तिला पगाराची कमाल मर्यादा नाही. महिना 80 हजार पगार असलेल्या स्त्रीला सहा महिन्यांत जवळपास 4 लाख 80 हजार रुपये घरी बसून मिळतात आणि नोकरीही टिकते. पैसे मालक देतो, पण ते त्याच्याकडून मिळवून देणारे बळ कायद्याचे आहे.

आमच्या घरी स्वयंपाक, धुणीभांडी करणाऱ्या, आमचीच बाळे सांभाळणाऱ्या ताईंची गोष्ट वेगळी आहे. 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला हा कायदा लागू होतो. ताई चार घरी काम करते, म्हणजे तिला चार मालक आहेत आणि त्यांतला एकही कायद्याच्या भाषेत आस्थापना नाही. सातव्या महिन्यापर्यंत ती फरशी पुसते, मग काम सुटते, आणि तिच्या जागी आम्ही दुसरी बाई ठेवतो. दोन-अडीच महिन्यांचे मूल सासूकडे सोडून ती पुन्हा काम शोधायला येते, तेव्हा जुनी घरे भरलेली असतात. अशा स्त्रीला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेतून दोन हप्त्यांत 5000 रुपये मिळतात. आम्हाला मिळणाऱ्या 26 आठवड्यांवर ही रक्कम पसरली, तर दिवसाला सुमारे 27 रुपये होतात. आठ लाखांची अट काढून आमच्या खात्यात 5000 रुपये जमा केले, तर त्यातून आमच्या बाळाची एक महिन्याची डायपरची खरेदी होईल. तेवढ्याच पैशात तिला आणखी काही आठवडे बाळाजवळ थांबता येईल. शासनाकडे जादा पैसा असेल, तर तो तिची रक्कम वाढवण्यात खर्च व्हावा.

या भूमिकेवर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. योजना सर्वांना खुली असली की गरिबाला गरिबी सिद्ध करत फिरावे लागत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, 2013 च्या कलम 4 ने किमान 6000 रुपये प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेचा हक्क ठरवला. वगळले ते फक्त शासकीय व सार्वजनिक उपक्रमांतल्या नियमित नोकरदार स्त्रियांना आणि ज्यांना दुसऱ्या कायद्याने असाच लाभ मिळतो त्यांना. कायद्याची ही रेघ आम्हाला शहाणपणाची वाटते, कारण ती पगारी रजा आहे की नाही एवढेच विचारते. योजनेच्या अंमलबजावणीत मात्र उत्पन्न, रेशनकार्ड, ई-श्रम कार्ड, जातीचा दाखला अशा कागदांची यादी आली. रक्कम 5000 वर आली. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून मिळतील असे गृहीत धरले गेले, पण त्या योजनेच्या अटी वेगळ्या आहेत. दुसऱ्या बाळाला 6000 मिळतात ते मुलगी झाली तरच. कायद्यात मुलगा-मुलगी असा भेद कुठेही नाही.

म्हणून आमची पहिली मागणी अशी, की राज्य शासनाने केंद्राकडे कायद्याचीच रेघ परत आणण्याची शिफारस करावी. जिला पगारी प्रसूती रजा मिळते तिने अर्ज करू नये. इतर प्रत्येकीला, पहिले बाळ असो वा दुसरे, मुलगी असो वा मुलगा, स्वयंघोषणेवर रक्कम मिळावी. यामुळे नोकरी नसलेल्या एखाद्या सधन घरातल्या स्त्रीलाही कदाचित 6000 रुपये जातील. त्याला आमची हरकत नाही. एका दाखल्यावाचून खरी गरजू बाई वगळली जाण्यापेक्षा तो खर्च शासनाने सोसावा.

कागदपत्रांची अडचण आमच्या डोळ्यांसमोर रोज घडते. जव्हार-मोखाड्याहून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून आलेल्या बाईचे रेशनकार्ड गावी असते, आधारवर माहेरचे नाव, आणि बँक खाते आधारशी जोडलेले नसते. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ 2008 च्या कायद्याने झाले. त्याच्याकडे प्रसूतीसाठी साहाय्याची तरतूदही आहे, परंतु नोंदणीसाठी घरमालकाचे पत्र लागते आणि ते द्यायला मालक कचरतात. सही केली तर काही अंगाशी येईल, ही भीती निराधार आहे, पण आहे. या कामी आमच्या संकुलांतच एक पुरावा तयार पडलेला आहे. प्रत्येक कामवालीची येण्याची-जाण्याची वेळ गेटवरच्या अ‍ॅपमध्ये नोंदली जाते. ती आज उशिरा आली हे दाखवण्यासाठी ती नोंद वापरली जाते. तीच नोंद तिच्या संमतीने काम केल्याचा पुरावा म्हणून मंडळाने ग्राह्य धरावी आणि ई-श्रम, आधार जोडणी व मंडळाची नोंदणी यांची शिबिरे संकुलांच्या आवारात भरवावीत. हॉल, टेबल-खुर्च्या, अर्ज भरून देणारी माणसे आम्ही देऊ. या निवेदनावर सही करणाऱ्या प्रत्येकीने हेही ठरवले आहे, की आपल्याकडे काम करणाऱ्या ताईला बाळंतपणात तीन महिन्यांचा पगार द्यायचा आणि जागा तिच्यासाठी राखायची.

घोडबंदर रोडवरचे टॉवर आणि मेट्रो 4 ची कामे ज्यांच्या हातांनी होतात, त्या मजूर स्त्रियांसाठी इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे तुलनेने चांगली तरतूद आहे. नैसर्गिक प्रसूतीला 15,000 आणि शस्त्रक्रियेला 20,000 रुपये मिळतात. त्यासाठी 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते देणारा ठेकेदार पुढच्या साइटवर निघून गेलेला असतो. महापालिकेने बांधकामाला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी विकासकाकडून तिथे काम केलेल्या स्त्रियांची प्रमाणपत्रे दिल्याची खातरजमा करावी.

आता आमच्यासाठी. रोख रक्कम आम्हाला नको, पण रजेचा संपूर्ण भार एकट्या मालकावर राहिल्याचा चटका आम्हाला बसतो. मुलाखतीत लग्न कधी, मूल कधी, हे प्रश्न आडून-आडून विचारले जातात आणि उत्तर काहीही दिले तरी नोकरी दुसऱ्याला जाते. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले. त्या खर्चाचा मोठा वाटा खरे तर सरकारने उचलावा, मात्र तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही मोकळे सोडू नये, असे त्यांनी सांगितले. पुढच्या वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला, तो मालकावर भार टाकूनच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 2000 सालचा मातृत्व संरक्षण करारही हा खर्च एकेका मालकावर थेट लादू नये, असेच सांगतो.

मार्ग आपल्याच घरात आहे. राज्य कामगार विमा योजनेत महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर मालक 3.25 टक्के आणि कामगार 0.75 टक्के भरतो. त्यात पुरुष-स्त्री असा फरक नाही, आणि त्या निधीतून स्त्रीला 26 आठवड्यांचा पूर्ण पगार मिळतो. 21,000 च्या वर ही वाटणी थांबते. वरच्या पगारांसाठीही सर्व आस्थापनांच्या आणि सर्व कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून असा प्रसूती निधी उभारावा, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. आमचा वाटा आम्ही आमच्या पगारातून देऊ. तिजोरीवर यामुळे काही भार पडत नाही.

पाळणाघरांबाबत निर्णय ठाण्यातच होऊ शकतो. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघर द्यायचे आहे. पण कासारवडवलीचे सहा महिन्यांचे बाळ लोकलने वांद्र्याला कोण नेणार? सामाजिक सुरक्षा संहिता आस्थापनेला महापालिकेच्या सामाईक पाळणाघराचा उपयोग करण्याची मुभा देते. मानपाडा, वाघबीळ, ओवळा येथे महापालिकेने अशी केंद्रे चालवावीत. आमच्या बाळांचे शुल्क आमच्या कंपन्यांकडून पूर्ण घ्यावे, आणि केंद्राच्या मिशन शक्तीतील पाळणा उपयोजनेची जोड देऊन घरकामगार व मजूर स्त्रियांची बाळे त्याच खोलीत, त्याच ताईच्या देखरेखीखाली विनाशुल्क राहावीत. वेगळ्या खोल्या करू नयेत.

शेवटचे, रुग्णालयाचे. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेसह मोफत प्रसूती हा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने 2011 पासून दिलेला हक्क उत्पन्न न पाहता सर्वांचा आहे आणि तो तसाच राहावा. परंतु गायमुख वा ओवळ्याहून अडलेल्या बाळंतिणीला महापालिकेच्या कळव्याच्या रुग्णालयात न्यायचे, तर कापूरबावडीची कोंडी पार करावी लागते. तिथे अडकणारी रुग्णवाहिका टॉवरमधली आणि पाड्यातली असा भेद करत नाही. घोडबंदर पट्ट्यात रात्रंदिवस शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेले प्रसूतिगृह महापालिकेने उभारावे.

या विषयावर महिला व बालविकास, कामगार विभाग आणि महापालिका यांची संयुक्त बैठक जिल्हाधिकारी कार्यालयात लवकरात लवकर बोलवावी आणि तिथे आमच्याबरोबर घरकामगार व बांधकाम मजूर स्त्रियांनाही बोलण्यास वेळ द्यावा, ही नम्र विनंती.

आपल्या विश्वासू,
घोडबंदर रोडवरील गृहसंकुलांतील नोकरदार माता
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)